जर्मन गाडीची मागची सीट

तू मागच्या आठवड्यात गुरुवारी सकाळी, दहा वाजून चार मिनिटं ते दहा वाजून अठरा मिनिटं यांच्या दरम्यान, माणिकपूरच्या रेल्वे फाटकासमोर, स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर गेलास. गाडी मी चालवत होतो. नेमकं मिनिट मला देता येत नाही, कारण मी पुढे बघत होतो.

पास्कल, तुझ्याबद्दल काय काय लिहायचं नाही हे मी आधीच ठरवलंय. तू होळी गावचा बागायतदार होतास, तुझ्या पानवेलीची पानं कुठवर जायची, चर्चच्या कमिटीवर तू किती वर्षं होतास, हे सगळं शुक्रवारी कबरीपाशी बोलून झालं. त्यात गाडीचा उल्लेख एकाच वाक्यात आला, 'गावाच्या सेवेसाठी त्यांची गाडी सदैव उभी असे.' गाडी उभी असायची हे खरं. पण तुझं आणि माझं गेले अकरा महिने त्या गाडीबद्दल बोलणं नव्हतं, हे कोणी बोललं नाही. ते बहुतेक फक्त आपल्या दोघांना आणि तुझ्या फिलूला माहीत होतं.

म्हणून गाडीपासूनच सुरू करतो.

आणीबाणीच्या दुसऱ्या वर्षी, उन्हाळ्यात, तू माझ्या वर्तमानपत्राच्या ऑफिसात आलास. तुझ्या हातात बांबूची एक काठी होती. साडेचार फूट लांब, दोन्ही टोकं करवतीने सरळ कापलेली. मी अपघात आणि पोलीस कोर्टाच्या बातम्या करायचो. शेजारच्या टेबलावरच्या उपसंपादकाने तुला बघून विचारलं, "मारामारीची बातमी द्यायला आलात, की करायला?" तू म्हणालास, "जुन्या गाड्यांच्या जाहिराती कुठे मिळतील?"

तीन रविवार आपण दोघं मुंबईभर फिरलो. त्या काळी रस्त्यावर गाड्यांच्या दोनच जाती होत्या, दोन्ही देशी. तू इंजिन बघायचा नाहीस, टायर बघायचा नाहीस. मागचं दार उघडायचास, काठी सीटवर आडवी ठेवायचास. काठी दाराला अडली की दार बंद करून "थँक्यू" म्हणायचास. असे सात मालक झाले. आठवी गाडी खारला होती. काळी, जर्मन, लांब नाकाची, सहा सिलिंडरची. बंद पडलेल्या गिरणीच्या मॅनेजरची. साहेब वारले होते आणि गाडी चार वर्षं ताडपत्रीखाली होती. आत अक्रोडाच्या लाकडाची पट्टी, चामड्याच्या सीटा, मागे बसणाऱ्यासाठी वेगळा दिवा. साहेबांचा म्हातारा ड्रायव्हर किल्ली घेऊन उभा होता. तू काठी काढलीस तसा तो हसला.

"शेठ, पडदे बसवायचेत का गाडीला?"

"बायकोला न्यायचंय."

"मग बसवून बघा की तिलाच. काठी कशाला?"

"बसवायची नाही. झोपवायची आहे."

ड्रायव्हर माझ्याकडे बघायला लागला. मी दुसरीकडे. काठी सीटवर आडवी बसली, दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं जागा ठेवून. तू बराच वेळ त्या दोन बोटांकडे बघत होतास. मग विचारलंस, "चालू होते का?" आठ गाड्यांत पहिल्यांदा तू हा प्रश्न विचारला होतास.

परतताना मी तुला काठीबद्दल विचारलं. तू सांगितलंस ते मी त्याच शब्दांत लिहितो. "पहिल्या खेपेला फिलूला टांग्यात बसवून नेलं. दोघांनी दोन बाजूंनी धरलं होतं. पापडीच्या नाक्यापर्यंत मूल जिवंत होतं. या खेपेला झोपवून न्यायचं."

काठीचं माप कसं घेतलं ते फिलूने नंतर सांगितलं. तू तिला ओटीवर चटईवर कुशीला झोपवलंस, गुडघे जरा दुमडायला लावलेस आणि बाजूला बांबू ठेवून कोयत्याने खूण केलीस. ती म्हणाली, "पुरायची पेटी करतोस काय रे माझी?" तू म्हणालास, "हलू नकोस, माप चुकेल."

गाव हसलं, हे तुलाही माहीत होतं. पानवेलीवाल्याने साहेबाची गाडी घेतली. संडासाला पत्र्याचं दार आणि दारात जर्मन. चर्चबाहेर तुला 'गव्हर्नर' म्हणायचे. पावसाळा संपता संपता एका दुपारी फिलूच्या पोटात कळा सुरू झाल्या, तू तिला मागच्या सीटवर आडवं केलंस आणि पंधरा मिनिटांत फाटक ओलांडलंस. ॲग्नेस त्याच संध्याकाळी जन्मली. आता ती नऊ वर्षांची आहे. त्यानंतर गव्हर्नर कोणी म्हणालं नाही. लोक हाक मारायला येऊ लागले.

गेल्या नऊ वर्षांत होळीतून, आणि आजूबाजूच्या आळ्यांतून, आजारी माणूस मुंबईला न्यायचा झाला की तुझ्या दारात यायचे. लग्नाच्या नवऱ्याही त्याच गाडीतून चर्चला गेल्या. सीटच्या खोळींचे तू दोन संच शिवून घेतले होतेस. नवरीला पांढरा, आजाऱ्याला निळा. मागच्या दाराच्या वर, हाताने धरायच्या पट्ट्याशेजारी, सलाइनची बाटली अडकवायला पितळी आकडा बसवलास. सीटमधली बसकी स्प्रिंग काढून काथ्या भरलास. खालून पत्रा खाऱ्या हवेने गंजतो म्हणून पाचूबंदरला नेऊन होडीला चोपडतात ते माशाचं तेल गाडीच्या पोटाला चोपडून घेतलंस. त्या मोसमातल्या पहिल्याच लग्नात नवरीची मावशी चर्चच्या पायरीवर ओरडली, "अरे पास्कल, पोरीला सजवून दिली होती मी, सुकवून नाही!" तू चार महिने खिडक्या उघड्या ठेवून गाडी चालवलीस.

या सगळ्या सुधारणांना माझा विरोध नव्हता. मी तुझ्याकडेच गाडी चालवायला शिकलो, त्याच गाडीवर, किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर. शिकवताना तू एकच वाक्य म्हणायचास. "मागे कोणीतरी झोपलंय असं समजून चालव." मी तसंच चालवायचो. गावात ती गाडी हाकू शकणारे आपण दोघंच होतो.

वाद इंजिनावरून झाला.

सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन तुझ्या बागायतीला झेपत नव्हतं. आजाऱ्याकडून तू काही घ्यायचा नाहीस आणि पेट्रोल वाढतच होतं. मागच्या वर्षी तू ठरवलंस, डिझेल बसवायचं. मुंबईत तेव्हा अनेक जुन्या परदेशी गाड्यांना टेम्पोची इंजिनं बसत होती. पण तू मुंबईला गेला नाहीस. तू गेलास पाचूबंदरच्या दुमिंग मिस्त्रीकडे. दुमिंगने निम्म्या बंदराच्या होड्यांना इंजिनं बसवली आहेत. त्याच्या हाताबद्दल माझी तक्रार नव्हती आणि आजही नाही. वाळूवर होडी ओढायच्या कप्पीला साखळी बांधून त्याने तुझं जर्मन इंजिन वर काढलं, खाली दुसरं सोडलं. मी सुट्टी घेऊन बघायला आलो होतो. दुमिंगने नवीन इंजिन चालू केलं तेव्हा सुकत घातलेल्या मासळीवरचे कावळे उडाले.

"भाऊ, पानी शिरलं तरी बंद पडनार नाय," दुमिंग मला म्हणाला. "समुद्रात चाललं असतं हे."

गाडी घेऊन आपण निघालो. मी चालवत होतो, तू शेजारी. पारनाक्याला केळ्यांची हातगाडी आडवी आली. मी ब्रेक दाबला आणि पायाखाली पेडल दगडासारखं लागलं. दोन्ही पायांनी उभा राहिलो तेव्हा कुठे गाडी थांबली. हातगाडीवाल्याने केळ्याचा घड दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

मी खाली उतरून ब्रेक दाबल्याच्या जागेपासून पावलं मोजली. सतरा.

"पंचनामा करतोस का?" तू खिडकीतून विचारलंस.

"ब्रेक लागत नाही, पास्कल."

"लागला की. थांबली ना?"

मागे वळून आपण दुमिंगकडे गेलो. त्याला विचारलं. तो मनापासून चकित झाला. "ब्रेक? ब्रेकला मी हात पन लावला नाय. आमच्या धंद्यात ब्रेक असतो कुठं? विंजीन बंद केलं की होडी वाळूत."

खरं कारण मी दुसऱ्या दिवशी ऑफिसातून चार ठिकाणी फोन करून शोधलं. पेट्रोल इंजिन हवा ओढतं तेव्हा आत जी पोकळी होते तिच्या जोरावर तुझ्या गाडीच्या ब्रेकला मदत करणारा डबा चालायचा. पाय थोडासा दाबला की बाकीचं काम डबा करायचा. डिझेल इंजिनात ती पोकळी होत नाही. डबा जागेवर होता, पण मेला होता. त्याला वेगळा पंप लागतो. होड्यांच्या मिस्त्रीने तो बसवला नव्हता, कारण होडीला तो कधीच लागत नाही.

मी हे तुला सांगितलं. तू ऐकून घेतलंस. मग धोतर वर करून पोटरीवर थाप मारलीस. "दोन डबे खांद्याला लावून तीस वर्षं वाफे शिंपतोय. माझ्या पायाला लागतो ब्रेक."

"आणि दुसऱ्या कोणाला चालवायची झाली तर?"

"दुसरा कोण? तूच ना? तू चालवतोस कधी? टाइपरायटर चालवतोस तू."

पंप कुठून आणायचा, बसवणार कोण, पुन्हा इंजिन उघडायचं, तोवर गावात कोणी आजारी पडलं तर? तुझ्या या प्रश्नांत तथ्य होतं. आज ते मान्य करतो. त्या दिवशी मी मान्य केलं नाही. आपण तुझ्या अंगणात होतो, फिलू पानं पुसत बसली होती, ॲग्नेस पाटीवर काहीतरी लिहीत होती. मी म्हणालो, "मी रोज अपघाताच्या बातम्या लिहितो. एक दिवस तुझी लिहीन."

फिलूचा हात थांबला. तू म्हणालास, "लिहिशील तेव्हा नाव नीट लिही. मागे पास्कोल छापलं होतंस."

त्यानंतर अकरा महिने आपण पावसाबद्दल बोललो, पानांवरच्या करप्याबद्दल बोललो, फादरांच्या लांब प्रवचनाबद्दल बोललो. गाडीबद्दल नाही. मी तुझ्या गाडीत बसणं सोडलं. स्टेशनला एसटीने जायचो. स्टॉपवर उभा असलो की तू हॉर्न द्यायचास आणि मी पेपर वर धरायचो. असं बऱ्याचदा झालं. पुढे तू हॉर्न देणं बंद केलंस, नुसता वेग कमी करायचास. मी पेपरच्या वरून बघत नव्हतो, पण इंजिनाचा आवाज खाली यायचा तो कळायचा.

आता गुरुवार.

माझी साप्ताहिक सुट्टी होती. नऊच्या सुमाराला फिलू कुंपणातून धावत आली. तू पानवेलीत खाली बसला होतास, उठता येत नव्हतं. तुझा सदरा घामाने भिजला होता. डॉक्टर नऊ वीसला आले. इंजेक्शन दिलं. बाहेर येऊन मला म्हणाले, "हृदयाचं आहे. मुंबईला न्या. आत्ता." मी तुझ्या गाडीकडे बघितलं. फिलूने किल्ली माझ्यासमोर धरली होती.

आम्ही तुला मागच्या सीटवर ठेवलं. निळी खोळ होतीच. काठी फिलूच्या मापाची होती, पास्कल. तुझी उंची पाच फूट दहा. तुझे गुडघे पोटाशी दुमडावे लागले, तरी पाय दाराला टेकत होते. डोकं फिलूच्या मांडीवर होतं. नऊ अडतीसला मी गाडी सुरू केली.

होळी ते फाटक हा रस्ता तू पंधरा मिनिटांत करायचास. मला सव्वीस लागली. मी काटा तिसाच्या वर जाऊ दिला नाही. प्रत्येक वळणाच्या आधी गिअर उतरवला. सायकल दिसली की शंभर फुटांवरून पाय काढला. ब्रेकला पाय लावायचाच नाही, हे मी ठरवून टाकलं होतं. सतरा पावलं माझ्या डोक्यात होती. रस्त्यावर शाळेची मुलं होती, माळणी होत्या, मागे तू होतास. एका माणसाला वाचवायला जाताना दुसऱ्याला मारायचं नाही, असा माझा हिशेब होता. तो हिशेब मी त्या क्षणी बरोबर मानत होतो.

पापडीच्या पुढे तू बोललास. डोळे मिटलेलेच होते. "गिअर बदल," म्हणालास. मी बदलला. तुझं हे शेवटचं वाक्य. मी आणि फिलू, दोघांनी ऐकलंय.

भाबोळ्याच्या नाक्यावर फिलू म्हणाली, "बेनादादा, जोरात घ्या ना."

"ब्रेक, फिलू."

"ब्रेक लागतो."

"मला माहीत आहे कसा लागतो."

"लागतो हो दादा! आता लागतो!"

मी ते घाबरलेल्या बाईचं बोलणं समजलो. वीस वर्षं मी एकच नियम पाळला आहे. एकाने सांगितलेली गोष्ट दुसऱ्याकडून खात्री करून घेतल्याशिवाय धरायची नाही. त्या रस्त्यावर दुसरा कोणी नव्हता. दुसरा मागे झोपला होता आणि त्याला विचारण्याची वेळ नव्हती. खात्री करायची आणखी एक जागा होती. ती माझ्या उजव्या पायाखाली होती. मी तिथे पाय लावला नाही.

माणिकपूरच्या शेवटच्या वळणावरून फाटक दिसलं. उघडं होतं. पुढचा दुधाचा टेम्पो पार गेला. मग घंटा सुरू झाली आणि दांडा खाली यायला लागला. मधे चारशे फूट असतील. तू असतास तर गेला असतास. मी दोन्ही पाय उचलले आणि सगळ्या अंगाचा भार ब्रेकवर टाकला, पारनाक्याला टाकला होता तसा.

गाडी जागच्या जागी थांबली. माझी छाती स्टिअरिंगवर आदळली. इंजिन बंद पडलं. फिलूने तुला दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं म्हणून तू खाली आला नाहीस. पायाखाली दगड नव्हता. पेडल लोण्यासारखं आत गेलं होतं.

"सांगितलं होतं ना तुम्हाला," फिलू म्हणाली. ओरडून नाही, अगदी हळू.

मी गाडी पुन्हा चालू करून फाटकाला लावली. घड्याळात दहा वाजून चार मिनिटं झाली होती. आधी मालगाडी गेली. ती संपली तरी दांडा उठला नाही. मग एक्सप्रेस. मी फाटकवाल्याकडे धावत जाऊन सांगितलं, तो म्हणाला, "साहेब, मी मोटर थांबवू शकतो, गाडी नाही." त्याचं म्हणणं खरं होतं. परत येऊन दार उघडलं तेव्हा फिलू तुझे केस सारखे करत होती. दांडा दहा अठराला उठला. आमच्या मागच्या गाड्या हॉर्न देऊ लागल्या. फिलू म्हणाली, "आता फिरवा."

फिरवून आणताना मी कितीच्या वेगाने चालवली ते आठवत नाही.

त्यानंतर या आठ दिवसांत मी जे करू शकतो ते केलं. विचारत फिरलो.

फाटकवाल्याला शनिवारी भेटलो. गुरुवारी नऊ एकोणपन्नास ते दहा तीन फाटक उघडं होतं. त्याने वही दाखवली. म्हणजे नऊ अडतीसला निघून तुझ्या वेगाने आलो असतो तर नऊ त्रेपन्नला पार झालो असतो. पुढे हॉस्पिटलपर्यंत निदान तासाचा रस्ता होता. तू तेवढा टिकला असतास का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "सांगता येत नाही." दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच. ते मी तसंच ठेवतो.

दुमिंगला तुझ्या दफनानंतर चर्चच्या मागे गाठलं. तो रडत होता. "पंप मीच बसवला, भाऊ. दोन महिनं झालं. गोखिवऱ्याच्या भंगारात मोडकी मिनीबस होती, तिचा काढला. बसवायची पट्टी तिथल्याच लेथवर करून घेतली. पास्कलभाऊ म्हनाला, बेना बरोबर बोलत होता. पन त्याला कोन सांगेल तर बघ."

'बेना बरोबर बोलत होता.' हे वाक्य मी खिशातल्या वहीत उतरवून घेतलं. वाद मी जिंकला होता आणि दोन महिने मला ते माहीत नव्हतं. स्टॉपवर तू गाडी हळू करायचास, त्यातल्या शेवटच्या दोन महिन्यांत तू ब्रेकनेच हळू करत असणार. मी पेपर वर धरून उभा होतो.

बुधवारी चर्चमध्ये तुझ्यासाठी सातव्या दिवसाची मिस्सा झाली. ती संपल्यावर डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तू त्यांच्याकडे छातीत दुखतं म्हणून आधीच गेला होतास. त्यांनी तेव्हाच मुंबईला तपासणीला जायला सांगितलं होतं. घरी सांगू नका, असं तू त्यांना बजावलं होतंस. तारीख त्यांच्याकडे लिहिलेली होती. मी दुमिंगकडून पंपाचा दिवस काढून घेतला आणि दोन्ही शेजारी ठेवले. डॉक्टर आधी. पंप त्यानंतर पाच दिवसांनी.

म्हणजे वाद मी जिंकला, असं खात्रीने म्हणता येत नाही. तू माझ्यासाठी ब्रेक दुरुस्त केलास, की तुझ्या पायांचा भरवसा उरला नाही म्हणून, ते तुलाच माहीत. हे विचारायचं राहिलं. तुझ्यावर मला रागही आहे. डॉक्टरला सांगितलंस, दुमिंगला सांगितलंस. माझं घर कुंपणापलीकडे आहे.

हे मी फिलूला म्हणालो, बुधवारीच. ती चहा गाळत होती. तिने सांगितलं की पंप बसल्यापासून तू तिला गाडी शिकवत होतास. पहाटे, किल्ल्याच्या रस्त्यावर, गाव उठायच्या आत, म्हणजे कोणी गव्हर्नरीण म्हणू नये. पहिल्या दिवशी तू तिला चप्पल काढायला लावलीस आणि म्हणालास, "आधी फक्त ब्रेक दाबून बघ. तुझ्या पायाला लागतो का सांग." तिने दाबला. लागला. तेव्हा तू सीटला डोकं टेकून बराच वेळ बसलास. तिला वाटलं, झोप अपुरी आहे.

"आणि मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सणाला सांगणार होता. येत्या रविवारी. म्हणाला, बेनाला गाडीत बसवीन, किल्ली त्याच्या हातात देईन, पारनाक्याला नेईन आणि म्हणेन, आता दाब. तेव्हा त्याचं तोंड बघायचंय मला." तिने कप माझ्यापुढे सरकवला. "मला शपथ घातली होती. गाडीत सांगितलं तुम्हाला. शपथ मोडून सांगितलं."

मी तिची माफी मागितली. तिने मान हलवली. ती होकाराची की नकाराची, हे मी विचारलं नाही.

मग ती म्हणाली, "तुम्ही काल लेथवाल्याकडेसुद्धा गेला होतात म्हणे. सगळ्यांना विचारलंत. गाडीला विचारा की."

काल, गुरुवारी संध्याकाळी, आम्ही गाडी किल्ल्याच्या रस्त्यावर नेली. ॲग्नेस मागच्या सीटवर होती. डिकीत तुझी काठी सापडली, दोन्ही टोकं अजून सरळ आहेत. मी रस्त्यावर चुन्याची रेघ ओढून बाजूला उभा राहिलो. रेघेवर आल्यावर ब्रेक दाबायचा, असं ठरलं. ताशी तीस किलोमीटरवरून गाडी थांबायला साडेचार काठ्या अंतर लागलं. तीन वेळा मोजलं, तिन्ही वेळा साडेचार. गाडी फिलू चालवत होती, अनवाणी, एका पायाने.